गुरुजींनी गाव विचारलं

(मद्रास, मैलापूर, ऑक्टोबर १९५८. पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेत राहिलेल्या मराठी घराण्यातले राममूर्ती साताऱ्याकडून नुकते घरी परतलेत. बायको विशालाक्षी काफीचा पेला घेऊन उभी.)

विशालाक्षी: काफी मिळेल. आधी सांगा, तिकडे घर ठरवलंत की नाही?

राममूर्ती: अगं, दोन रात्री गाडीत काढून आलोय. पेला तरी हातात दे.

विशालाक्षी: तीस वर्षं घोकताय, पेन्शन झाली की पूर्वजांच्या मुलखात जाऊन राहायचं. पुढच्या महिन्यात पेन्शन. मला मैलापूर सोडावं लागणार का, तेवढं बोला.

राममूर्ती: मुलूख काय विचारतेस! डोंगर, किल्ले, जिकडेतिकडे मराठी. बसचा कंडक्टरसुद्धा मराठी!

विशालाक्षी: बोललात त्याच्याशी?

राममूर्ती: म्हटलं, "महाशय, हे वाहन आमच्या पूर्वजांच्या ग्रामी जाईल काय?" तो पायाच पडला. कीर्तनकार समजला मला. तिकीट मात्र फाडलंन.

विशालाक्षी: अय्यो! आणि भाऊबंद?

राममूर्ती: फार जीव लावला गं. दोन्ही वेळा भाकरी, पिठलं, ठेचा. चौथ्या दिवशी लाज सोडून दहीभात मागितला.

विशालाक्षी: दिला?

राममूर्ती: घरभर धावपळ! "पाहुण्यांचं पोट बिघडलं!" वैद्य आला, नाडी बघितली. पुढचे तीन दिवस नुसती पेज.

विशालाक्षी: हसू नको तर काय करू!

राममूर्ती: हस, हस. निघायच्या दिवशी कुलदैवताला अभिषेक केला. संकल्पाच्या वेळी गुरुजींनी विचारलं, "गाव कोणतं?" त्या एका प्रश्नासाठी तर गेलो होतो मी! पावणेतीनशे वर्षांनी आमच्या घरातला माणूस तिथं उभा!

विशालाक्षी: मग सांगितलंत ना, छाती फुगवून?

राममूर्ती: तोंडातून मैलापूर निघालं.

विशालाक्षी: काय?

राममूर्ती: डोळ्यांत पाणीच आलं. माणसं आपली, देव आपला, पण मला घरी यायचं होतं गं. आणि आता देवासमोर सांगून बसलोय. फिरवायचं कसं?

विशालाक्षी: घ्या काफी. गार होतेय.

राममूर्ती: तू काय केलंस इतके दिवस?

विशालाक्षी: कपालीश्वराला रोज नऊ प्रदक्षिणा. भीतीनं.

राममूर्ती: आणि पंचांगात हे कागद कसले?

विशालाक्षी: इथल्या गानसभेतल्या डिसेंबरच्या मैफलींची तिकिटं. तुम्ही स्टेशनवर गेलात, त्याच दुपारी काढली.

राममूर्ती: दोन?

विशालाक्षी: दोन.