नाना गाडी चालवणार होते

नाशिकला वाइनऱ्या बघायला जायचा आमचा बेत धुळ्यातल्या देवपूरच्या टपरीवर बरेच दिवस शिजत होता. एका दिवसात तीन ठिकाणं आणि तिन्हीकडे रेड वाइन. प्रश्न एवढाच होता, की धुळ्याला परत गाडी कोण आणणार? शेवटी माझे मामा तयार झाले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. एसटीत ड्रायव्हर होते, दारूला कधी शिवले नाहीत.

पहिल्याच वाइनरीत तिथल्या मुलीने नानांनाही ग्लास दिला. मी म्हणालो, "हे गाडी चालवणार आहेत."

"मग काका, नुसती तोंडात घोळवा आणि यात थुका," असं म्हणून तिने भांडं पुढे सरकवलं.

नानांनी शांतपणे घोळवली आणि गिळली. पुढचे सगळे ग्लासही तसेच. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

"नाना, थुकायचं होतं ना?"

"पोरनी इतलं प्रेमथीन दिधं, थुकू कसं?"

आम्हीही प्यायलेलो होतो. बाकीच्या दोन वाइनऱ्या राहिल्या आणि मुक्काम नाशिकलाच पडला. संध्याकाळी मामीचा फोन आला. "गाडी बिघडनी का?"

नाना म्हणाले, "गाडी चांगली शे. डायव्हर बिघडना."