साच्यातली खूण

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्या संयोगिता मॅडम, प्रमुख पाहुणे आणि फाउंड्रीचे मालक माननीय उदयसिंह साहेब, ज्यांनी हा सगळा घाट घातला त्या आमच्या सहकारी अवंतिका मॅडम, माझे सर्व सहकारी, आजी-माजी विद्यार्थी आणि आज सुट्टी न मिळाल्यामुळे मागे उभे असलेले पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, सर्वांना अंबादास देशपांडेचा नमस्कार. मागच्यांनी खाली बसलं तरी चालेल. मी थोडा वेळ घेणार आहे.

एकतीस वर्षं मी इथं फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या, ट्रेडला निदेशक होतो. वाळू चाळणं, भिजवणं, ठोकणं, साचा करणं एवढंच शिकवलं. माझ्याबद्दल मगाशी जे बोललं गेलं ते ऐकून मला भरून यायला हवं होतं. सौ. विमला पुढच्या रांगेत बसली आहे, ती दोनदा डोळे पुसताना दिसली. मला तसं काही होत नाही. गेली चार वर्षं होत नाही, त्यामुळे राग मानू नये.

उदयसिंह साहेब आपल्या भाषणात म्हणाले की मंदी आली की चोऱ्या वाढतात आणि तुरुंग भरतात. साहेब, आपण अनुभवी आहात. पण हे इतकं सरळ आहे का? या विषयावर मला दोन शब्द बोलू द्या. भिंतीवर नोकरी लागलेल्या मुलांची यादी लावायचं काम माझ्याकडं होतं, आणि मधली दोन वर्षं दर गुरुवारी जिल्ह्यातल्या एका कारागृहात बंद्यांना साचाकाम शिकवायलाही मीच जात होतो. या दोन्ही ठिकाणच्या याद्या मी वाचल्या आहेत.

पाच वर्षांपूर्वी गाड्यांच्या कंपन्यांनी ऑर्डरी कमी केल्या, हे इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. शिरोलीकडं आणि गोकुळ शिरगावकडं कारखान्यांत तीन पाळ्यांच्या जागी एक पाळी आली. ठेकेदाराची माणसं आधी घरी गेली. त्याच्या आदल्या वर्षी बाहेर पडलेल्या माझ्या तुकडीत एकवीस मुलं होती. कुणी रिक्षा घेतली, कुणी कसबा बावड्यात दुधाच्या गाडीवर लागला, एकजण राजारामपुरीत क्लासच्या मुलांना चहा देतो आणि माझ्याकडून पैसे घेत नाही. चोरी केली एकानं. एकवीसपैकी एकानं, साहेब. त्याचं नाव आकाराम. मुरगूडचा. आपल्याच फाउंड्रीत ठेकेदाराकडं होता.

आता जरा धंद्यातली गोष्ट सांगतो, पुढं तिचा संबंध आहे. माझ्याकडं एक रीत होती. साचा पूर्ण झाला की गिऱ्हाइकाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी वाळूत खिळ्यानं आपली खूण काढायची. लोखंड ओतलं की ती खूण कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, उठून येते. माल परत आला तर साचा कुणी केला ते कळावं, एवढाच हेतू. मुलं बाहेर नोकरीला लागली तरी ही सवय सोडत नसत. आकारामची खूण दोन आडव्या रेघा आणि वर एक ठिपका. पण त्याचं काम ओळखायला मला खूण लागत नसे. साच्याचे कोपरे तो हत्यारानं न करता अंगठ्यानं गोल करायचा. मी दोन वर्षं त्याला त्यासाठी बोललो आणि मग सोडून दिलं, कारण कोपरे चांगले यायचे.

तर त्या मंदीत एक दिवस उदयसिंह साहेब संस्थेत आले. साहेब, आपल्याला आठवत असेल. हातात पंपाचं एक कास्टिंग होतं. म्हणाले, "सर, खूण बघा की ह्येची. तुमचाच कोणतरी पोरगा हाय. कोण सांगा." मी हातात घेतलं आणि कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. इतकं स्वच्छ कास्टिंग! मला वाटलं, ऑर्डरी आल्या. मालक चांगला कारागीर शोधत आले, पोराला परत कामावर घेणार. मी वर्गासमोर, मोठ्या आवाजात सांगितलं, "हा आमच्या आकारामचा हात. मुरगूडला राहतो. पत्ता देऊ?"

आणि पत्ता दिला. माझ्याच अक्षरात.

ते कास्टिंग भंगारवाल्याकडं सापडलेल्या चोरीच्या बारांपैकी होतं, हे मला संध्याकाळी कळलं. बाराच्या बारांवर तीच खूण होती. साहेबांचा दोष नाही. त्यांचा माल गेला होता, त्यांनी विचारलं. सांगितलं मी.

आठ दिवसांनी आकारामची आई बयाबाई राजारामपुरीत आमच्या घरी आली. विमलानं चहा दिला, तिनं घेतला नाही. म्हणाली, "सर, जामीन दिलाय कोर्टानं. पर जामीनदार कोण हुईना. मुकादम न्हाई म्हणतोय, त्येलाच काम न्हाई. पोराला तुमीच वळखलं, आता तुमीच सोडवा की." मी म्हणालो, मी सरकारी नोकर, मला परवानगी लागते, वर विचारून सांगतो. परवानगी लागते की नाही, हे मी आजतागायत कुणाला विचारलेलं नाही. ती आणखी दोनदा आली. तिसऱ्यांदा मी घरात असून विमलाला बाहेर पाठवलं.

त्यानंतर कारागृहातले गुरुवार सुरू झाले. पहिल्या वर्गाला नऊजण होते, सहा महिन्यांनी सव्वीस. कोण वायर चोरून आलेला, कोण बॅटरी. मी एकेकाला विचारायचो, किती दिवस झाले? तर अर्ध्यांचं एकच उत्तर, "जामीन मंजूर हाय सर, जामीनदार न्हाय." बरे दिवस असले की मालक, मुकादम, शेजारी कुणीतरी उभा राहतो. वाईट दिवसात प्रत्येकाला स्वतःचीच काळजी. आत येणारे थोडे वाढले असतील, मी नाही म्हणत नाही. पण बाहेर जाणारे थांबले होते आणि बराक त्यामुळं भरली होती. साहेब, आपल्या भाषणात मला एवढीच दुरुस्ती सुचवायची होती.

आकाराम दुसऱ्या रांगेत बसायचा. तिथं धातू ओतायला परवानगी नव्हती. साचा करायचा, मी बघायचा आणि मोडायचा. त्याचे कोपरे तसेच यायचे. मी एकदाच विचारलं, का केलंस? म्हणाला, "आठ महिनं काम न्हवतं सर." मग वाळू सारखी करत, "ढीग मोठा हुता. मी माझंच तेवढं उचललं. दुसऱ्याचं कशाला घ्यायचं?" मला त्यानं कधी काही ऐकवलं नाही. शेवटच्या महिन्यात मी पाहिलं, साच्यात खूण काढायचं त्यानं बंद केलं होतं. मी शिक्षक म्हणून आठवण करून द्यायला हवी होती. नाही केली.

चौदा महिन्यांनी त्यानं गुन्हा कबूल केला आणि तोवर भोगलेली कैद हीच शिक्षा धरून त्याला सोडलं. जामीनदार मिळाला असता तर ते चौदा महिने तो घरी असता. मी घरी होतो. मला त्याचं वाईट वाटायला हवं, आणि वाटत नाही. आत वाळू ठोकून ठोकून घट्ट बसवल्यासारखं झालंय. विमला म्हणते डॉक्टरला दाखवा.

असो. वेळ झाला आहे. प्राचार्या मॅडमचे, उदयसिंह साहेबांचे, हार आणि फेटा आणणाऱ्या मुलांचे आणि जेवणाची व्यवस्था बघणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो. अवंतिका मॅडमनी आठवण म्हणून मला ही छोटी ओतीव ऐरण दिली. फार सुबक आहे. कुठल्या भट्टीतून करून आणली ते त्या मगाशी सांगत होत्या, मी त्यांना मध्येच थांबवलं, त्याबद्दल क्षमा असावी. हातात आल्या आल्या सवयीनं मी ती उलटी केली. खाली खूण नाही. मग गोल कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. साहेब, मी तो फिरवताना आपण शेजारून बघत होता, आणि हळूच विचारलंतही, कुणाचं काम म्हणून. तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आता सर्वांसमक्ष देतो.

मला ओळखता आलेलं नाही.

बोलण्याच्या ओघात कुणाला काही लागलं असेल तर मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. आपली रजा घेतो.