ओढ्याकाठची कोप

ऐका. जवळ सरका, शेकोटी सगळ्यांची आहे. गोदे, पोर झोपलं ना? मग त्याला मांडीवरच राहू दे, उठू नको. गोष्ट आपल्याच शिवारातली आहे. ज्याची आहे तो अजून रोज सकाळी बैल घेऊन आपल्या दारावरून जातो. त्याच्यासमोर मात्र काढायची नाही. काढली तर तो नुसता हसतो, आणि ते हसू बघवत नाही.

अंगदची गोष्ट.

अंगदचं रान ओढ्यापलीकडं. लहानसंच, पण काळं, ओल धरून ठेवणारं. ते तीन माणसं कसत होती. अंगद, त्याची आई प्रयागबाई आणि बायको सोजर. सालगडी नाही, कोणी नाही. तो बैल हाकायचा, सोजर पाभरीमागून चालत चाड्यात बी सोडायची, म्हातारी ढेकळं फोडायची. आणि सोजरचं तोंड! देवा रे! अंगदचं तास जरा वाकडं गेलं की मागून आलाच आवाज, "बैलांचे डोळे चांगले हायेत. तुमचेच तपासून घ्या!" आजूबाजूच्या रानातली माणसं काम थांबवून हसायची. अंगदही हसायचा. त्याला ते बोलणं भाकरीबरोबरच्या मिरचीसारखं लागायचं. त्याच्याशिवाय घास उतरायचा नाही.

एका पावसाळ्यात तिला ताप आला. अंगावर काढला तिनं. तापातही वासराला पावसातून आत घेऊन बांधलं. आणि गेली. पोर नाही, बाळ नाही. गेली.

मग अंगदचं रानात मन लागेना. पाभर जुंपली की मागं कोणी नाही. खुरपायला बसला की शेजारची पात रिकामी. बांधावर बसून राहायचा. एक दिवस उठला आणि लातूरला गेला, आडतीवर पोती उचलायला. म्हातारी मागं राहिली, रान आणि बैल घेऊन.

दोन येळवशी आल्या नि गेल्या. अंगद आला नाही.

गोदे, तू नदीपलीकडची, तुमच्याकडं येळवस नाही, म्हणून सांगतो. मार्गशीर्षातली अवस. त्या दिवशी सारं गाव रानात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे. मग घरच्या गड्यानं आंबिलीचं मडकं घेऊन बांधाबांधानं फिरायचं, आंबील रानावर शिंपडायची. त्याला चर शिंपणं म्हणतात. आधी काळ्या आईला, मग आपल्याला. चर शिंपल्याशिवाय कोणाच्या तोंडात घास नाही.

तर तिसऱ्या येळवशीला म्हातारीनं निरोप धाडला. "चर शिंपायला आलास तर रान तुझं. नाही आलास तर उद्याच बटईनं दुसऱ्याला देऊन टाकते. माझ्या हाडात आता जोर नाही."

अंगद निघाला. पण एसटी वाटेत बंद पडली. फाट्यावर उतरला तेव्हा अंधार पडलेला. तिथं नबीसाबचं चहाचं दुकान. नबीसाब फळी लावत होता.

"कोण, अंगद? लेका, सुटलास की! आडतीवर पोती उचलतोस का पोळ्या खातोस?"

"घाई आहे चाचा. माय रानात बसली असेल."

"मग सडकेनं जा. ओढ्याच्या वाटेला जाऊ नको. अवस आहे, तिथं चकवा असतो. माझं शेरडू तिकडं गेलं होतं. परत आलं ते अजून गोल गोल फिरतंय."

"ते तुमचा चहा प्याल्यानं फिरत असेल," अंगद म्हणाला आणि ओढ्याच्या वाटेला लागला. सडकेनं गेलो तर उशीर होईल, म्हातारी कंटाळून घरी जाईल, रान जाईल. त्याच्या डोक्यात एवढंच.

अंधार असा की हाताला हात दिसेना. चालला. चालला. ओढ्याचं पाणी डाव्या हाताला वाजत होतं.

आणि घुंगरं वाजली.

बैलांची घुंगरं! पाभरीची खडखड. नुकत्या उघडलेल्या मातीचा वास. अंगद थांबला. ज्वारी पोटऱ्यात आलेली, आता कोण पेरतंय? तेही रात्री? बघतो तर अंधारात बैलांच्या पाठी हलतात, मागं एक बाई चालते. ओटीतून मूठ काढते, चाड्यात सोडते. मूठ काढते, सोडते. चालताना डावा खांदा जरा उचललेला.

सोजर तशीच चालायची.

अंगद वाट सोडून थोडा आत गेला. जवळनं बघू, म्हणाला. आत गेला आणि बैल नाहीत, पाभर नाही. काही नाही!

शहाणा माणूस मागं फिरला असता. हा पुढं गेला. कारण आता पुढून खुरप्यांचा आवाज येत होता. खच्, खच्, खच्. ओल्या गवताचा वास, बायांचं हसणं. ओळीनं वाकलेल्या बाया, आणि मधली एक पात सगळ्यांच्या पुढं पळतेय. सोजर कधी कोणाला पुढं जाऊ द्यायची नाही. अंगद त्या पातीमागं चालला. जितका चालावा तितकी पात पुढं. ओढ्याचं पाणी आता उजव्या हाताला वाजत होतं. त्याच्या ध्यानात आलं का? नाही आलं.

मग खळं दिसलं. तिवईवर बाई उभी, हातात सूप, ज्वारी वाऱ्यावर उपणतेय. आता ऐका, झाडाचं पान हलत नव्हतं! वारा नावाला नव्हता! आणि भुसा उडत होता. उडून अंगदच्या तोंडावर आला, डोळ्यांत गेला. गार, बर्फासारखा. त्यानं डोळे चोळले, उघडले. वाट गेली. गावाचे दिवे गेले. पाण्याचा आवाजही गेला.

समोर कोप होती. त्याचीच. कडबा तसाच बांधलेला, दाराशी दिवा, आंबिलीचं मडकं, पांढरे पांडव. आणि दिव्यापाशी सोजर.

"आलात?" ती म्हणाली. "दमला असाल. बसा."

अंगद दिव्यापाशी गेला. तो बसला.

"मला उशीर झाला, सोजर. लय उशीर झाला."

"असू द्या."

"रान टाकून गेलो. मायवर सोडून गेलो सगळं."

"राहू द्या हो. रानाचं काय एवढं? तुम्ही जेवा."

ताट पुढं आलं. भज्जी, उंडे, खीर, काठोकाठ आंबील. वाफ निघत होती, पण वास येत नव्हता.

आणि इथं अंगदच्या मनात कुसळ टोचलं. रानाचं काय एवढं? सोजर म्हणाली? सोजर! बांधावरचं मूठभर गवत दुसऱ्याच्या म्हशीनं खाल्लं तर दिवसभर भांडणारी सोजर! खरी सोजर असती तर आधी दोन शिव्या घातल्या असत्या. "आता तोंड दाखवायला आलात व्हय?" म्हणाली असती. मग बसा म्हणाली असती, तेही तोंड फिरवून.

त्याला कळलं. ही ती नाही.

कळलं, आणि तरी तो उठला नाही.

हसू नका. तुमचं कोणी गेलं असेल तर तुम्हाला कळेल. नाक तेच होतं. अंगठ्यावर खुरप्याचा व्रण तोच होता. अंगद नुसता बघत राहिला. चकवा असेल तर असू दे, म्हणाला. एक घास खाऊ. मग आडत नको, खोली नको, रात्री भिंतीकडं तोंड करून झोपणं नको. इथंच बसू. त्यानं ताटाकडं हात नेला.

हात ताटावरच थांबला. भीतीनं नव्हे हो! सवयीनं. जन्मभराची सवय.

"चर शिंपायचा राहिला," तो म्हणाला.

"राहू द्या. जेवा."

"असं कसं? आधी शिंपून येतो."

"जेवा!" दिवा बारीक झाला. "जेवा!" आता आवाज तिच्या तोंडातून येत नव्हता. कडब्यातून येत होता, मागून येत होता, जमिनीतून येत होता.

अंगदनं मडकं उचललं आणि बाहेर पडला. ओंजळ भरली, अंधारात शिंपडली आणि ओरडला, "ओलगे ओलगेऽऽ!"

ही येळवशीची आरोळी. अर्धी शिंपणाऱ्यानं म्हणायची, अर्धी मागून येणाऱ्यानं. मागचा म्हणतो, "सालम पोलगे!" सोजर असं म्हणायची की बैल दचकायचे.

अंगद थांबला. सारा जीव कानात आणून थांबला. तिनं जबाब द्यावा, एवढंच त्याला हवं होतं. दिला असता तर तो फिरला असता, ताटावर बसला असता, आणि ही गोष्ट सांगायला मी इथं बसलो नसतो.

मागून जबाब आला नाही. नुसता श्वास. जड, ओला श्वास.

आणि शिंपडलेल्या आंबिलीचा आवाज आला. उशिरा. खाली, लय खाली. टप्प!

अंगदनं पायाकडं बघितलं. पायाची बोटं मोकळ्या हवेत होती! जुनी पडकी विहीर! कठडा नसलेली! मडकं सुटलं, खाली गेलं, आपटल्याचा आवाज घुमला.

तेवढ्यात लांबून, ओढ्यापलीकडून, फाटक्या पिपाणीसारखा आवाज आला. "सालम पोलगेऽऽ!"

म्हातारी! प्रयागबाई!

अंगद त्या आवाजावर धावला. बाभळी अंगाला ओरबाडत होत्या. आणि मागून सोजरचा आवाज, रडका, "आवं, एकटीला टाकून चाललात?"

मागं बघू नये म्हणतात. अंगदनं बघितलं. राहवलं नाही त्याला. मागं कोप नव्हती, दिवा नव्हता, कोणी नव्हतं. भुतानं दात विचकले असते तरी बरं झालं असतं, असं तो नंतर मला म्हणाला. काहीच नव्हतं, ते जास्त लागलं.

पाण्यातून पलीकडं गेला. त्याच्या रानात, त्याच्या खऱ्या कोपीत म्हातारी बसली होती. कडब्याचा जाळ केलेला, मडकं झाकलेलं, ताटं पालथी.

"मेल्या!" ती म्हणाली. "दिवस मावळल्यापासून बसलीय. आणि तू पलीकडच्या रानाला चर शिंपतोस? तुझ्या बापानं घेतलंय का ते?"

अंगद तिच्या पायाशी बसला आणि ढसाढसा रडला. म्हातारीनं रडू दिलं. त्याचे भिजलेले पाय बघितले, अंगावरचे ओरखडे बघितले. तिला कळलं असावं.

"माय, जेवलीस?"

"चर शिंपल्याबिगर? ऊठ. पोटात कावळे मेले आता."

अर्ध्या रात्री दोघांनी चर शिंपला. पुढं तो, मागं पेटता कडबा धरून म्हातारी. तो हाक द्यायचा, ती जबाब द्यायची. बांधन् बांध फिरले. मग जेवले.

अंगद लातूरला परत गेला नाही. रान बटईला गेलं नाही. तो आता पेरणीला बैल हाकतो, मागं म्हातारीची भाची चाड्यात बी सोडते. तास वाकडं गेलं तरी ती गुमान चालते, बिचारी. येळवशीला चर शिंपतो. ओढ्याकडच्या बांधावर आला की हाक देतो, म्हातारी जबाब देते. तरी तो लगेच पुढं जात नाही. जरासा थांबतो. मग जातो.

तर ऐकून ठेवा. ओढ्याची वाट धरू नका. अवस असो, पुनव असो, कितीही घाई असो. तिथलं भूत नरडं दाबत नाही, रक्त पीत नाही. तुमचंच माणूस तुमच्यापुढं आणून बसवतं, आणि ते माणूस तुम्हाला कशाला म्हणून नाही म्हणत नाही. सडकेनं या. घरचं माणूस बसलेलं असतं. उशीर झाला तर आंबील जरा जास्त आंबते, एवढंच.