नॉर्वेच्या गोष्टी आणि डिंभ्याचा कावळा

हसू आलं तर खुशाल हसा, तेव्हा मीही हसलो होतो. नॉर्वेतल्या कथांचं मी मराठी भाषांतर करत होतो आणि झालेलं पान रोज बायकोला वाचून दाखवायचो. ती पावटे सोलत म्हणायची, "नुसतं बर्फच पडतंय. यातलं कुणी जेवतं का नाही?"

पुस्तक अर्धं असतानाच ती गेली. दहाव्याला डिंभ्यात नदीकाठी पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. तिची एखादी इच्छा राहिली असणार, म्हणून जो तो शब्द देऊ लागला. मुलगी म्हणाली, "आई, बाबांना मी सांभाळीन." कावळा हलला नाही. मी हात जोडून म्हणालो, "पुस्तक पुरं करीन." कावळा उडून आणखी वरच्या फांदीवर बसला.

तेव्हा माझा मित्र दत्तू पुढे झाला. "वैनी, तुमी सुटला! ह्या गोष्टी आता मी ऐकीन."

कावळा झपकन खाली आला.

दत्तू शब्दाला जागला. दर रविवारी येऊन ऐकायचा. चौथ्या गोष्टीत बर्फ पडायला लागल्यावर मात्र म्हणाला, "भाऊ, माझ्या दहाव्याला कावळ्याला शब्द कोण देनार, त्ये आत्ताच बघून ठेव."