ओळखीचा कॅप्टन

मिलिंद, तुझी पोरगी वैमानिक विद्यार्थ्यांच्या क्लबात जायचं म्हणतेय, आणि तू विचारतोस त्याने नोकरी लागते का. आमच्या सईचं ऐक.

दर शनिवारी ही तिथे सिनियरांबरोबर विमानं धुवायची. मी चिडायचो, "घरी स्वतःचा कप विसळत नाहीस!" ती इथल्या लोकांसारखा शेवटी "lah" लावून म्हणायची, "बाबा, ओळखी होतात, lah."

नोकरीच्या मुलाखतीला गेली, तर समोर तिच्याच क्लबातले जुने कॅप्टन. झाली ना ओळख? पण ते उठून म्हणाले, "ही आमच्या क्लबातली. हिला मी मार्क देणं बरोबर नाही." आणि सरळ बाहेर गेले! उरलेल्यांनी मार्क दिले, सई नापास.

घरी येऊन ती न जेवता खोलीत बसली. मी त्या क्लबाच्या नावाने बोटं मोडत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात तेच कॅप्टन, हातात चिकन राइस. खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाले, "मीसुद्धा पहिल्यांदा नापास झालो होतो. ये, जेवता जेवता बोलू."

सई बाहेर आली. पोटभर जेवली, हसलीसुद्धा. जेवण झाल्यावर कॅप्टन उठले आणि आपलं ताट धुवायला लागले.

नोकरीचं अजून काही खरं नाही रे. पण त्यांच्या शेजारी उभी राहून सईने माझंही ताट धुतलं.