फुकटच्या कोंबड्यांचं वाण

तुम्ही हसाल, पण मी मोबाइलवरच्या गेममध्ये शेती करते. बीबी गावातली आमची खरी शेती सासूबाई बघतात. संक्रांतीला त्या आमच्याकडे मेहकरला आल्या, तेव्हाच मला इंटरनेटवर एका अनोळखी पानावर बक्षिसाचा कोड दिसला. वीस कोंबड्या फुकट, फक्त गेमचा पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाका.

सासूबाईंनी विचारलं, "कोन देऊन राह्यलं वं?"

"माहीत नाही, आई."

"मंग घेऊ नको. जिच्या घरी परत वाण द्याले जाता येत नाही, तिचं वाण आपन घेतो काय? अन् वाण देनारी कधी कपाटाची चाबी मांगते काय?"

मी ते पान बंद केलं. दोन दिवसांनी गेमच्या आतच, सूचनांमध्ये, कोड आला. ना पासवर्ड, ना ओटीपी. कोड टाकला आणि कोंबड्या अंगणात आल्या.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "देनाऱ्याचं घर माहीत हाये, हे बरं झालं. पन त्यायले परत काय देशीन?"

मी घड्याळ बघितलं. कुकर लावायची वेळ कधीच टळली होती.

"देऊनच राह्यली ना, आई," मी म्हटलं. "रोजची संध्याकाळ."