चुकायची पाळी

नाही हो प्रियव्रत, रडत कुठे आहे — मुलांच्या दुपारच्या जेवणाचा डालमा शिजतोय ना, त्याचा धूर नेमका याच ओट्यावर येतो. बसा. गाडी निघेल सावकाश. काय म्हणत होता तुम्ही — 'मॅडम, असा विज्ञानाचा वर्ग अख्ख्या कालाहांडीत नाही'? नाहीच! आणि तो पुढच्या रांगेतला — ग्लास पालथा घातला तरी मेणबत्ती विझणार नाही म्हणाला — तो चुकला तेव्हा कुंतला गुरुमा कशी हसली! 'चुकलास? छान, आता सांग, का चुकलास?' हे वाक्य माझं बरं का. इतकी वर्षं शिक्षकांना हेच तर शिकवत आले — मुलांना चुकू द्या. कुंतला त्यातली माझी सगळ्यात गुणी विद्यार्थिनी. पण तो मुलगा नंतर हात धुताना शेजारच्याला काय म्हणाला, ऐकलंत? 'पुढच्या वेळी तू चूक रे, मी नाही परत चुकणार.' पाळ्या लावल्यात! पाहुणे आले की चुकायचं कुणी, ते आधीच ठरलेलं.

हसा, हसा. मलाही आधी हसूच आलं. कुंतलाचा तरी काय दोष? मॅडमना चुकणारं मूल आवडतं — दिलं तिनं एक तयार करून. पाहुण्याच्या आवडीचंच वाढतो ना आपण —

पण ती भिंतीजवळची बासंती — तिची पाळी नव्हती. ताटात पाणी, मधे मेणबत्ती, वर ग्लास. आणि ही उठून म्हणते, 'गुरुमा, आधी ज्योत विझली, पाणी मग चढलं.' अहो, पुस्तक म्हणतं ऑक्सिजन जळाला, म्हणून पाणी चढलं. मग जळत असतानाच चढायला नको? पोरीनं पुस्तकालाच पकडलं, नुसत्या डोळ्यांनी! हिच्यासाठी तर सगळा खटाटोप केला मी — पुढल्या महिन्यात माझ्या खुर्चीत बसाल, तेव्हा तुम्हीही हिच्यासाठीच कराल. आणि कुंतला काय म्हणाली? 'बस खाली. ते आजचं नाही.'

मी? मी काय केलं? शेजारी जिल्ह्याचे साहेब, समोर कुंतला — इतक्या आशेनं बघत होती माझ्याकडे — मी टाळ्या वाजवल्या.

मगाशी गेले होते बासंतीकडे. रांगेत रिकामं ताट घेऊन बसली होती. शेजारी उकिडवी बसले, म्हटलं, 'पोरी, तू काय पाहिलंस ते मला परत सांग ना.' तर ताट खाली ठेवून उभी राहिली, हाताची घडी घातली — 'ऑक्सिजन जळाला, म्हणून पाणी चढलं.' म्हटलं, 'अगं, पण तू तर —' 'नाही मॅडम. चुकलं माझं. परत नाही बोलणार.'

इतक्या पटकन शिकली हो —

ती बघा, कुंतला जेवायला बोलावतेय. जा तुम्ही. मला भूक नाही. आणि हे बघा — तिला सांगा, मॅडम म्हणाल्या, वर्ग फार सुंदर झाला. असं बघू नका माझ्याकडे. जा ना.